स्विच बिघडला नव्हता

दिगू,

चारचौघांत मी तुला आयुष्यभर 'अहो' म्हणाले आणि दार लागलं की 'तू'. हल्ली आपल्या नल्लकुंट्याच्या घराचं दार लागतच नाही. माणसं येतात, तुझ्या फोटोसमोर बसतात, तुझ्याबद्दल बोलतात आणि मी त्यांच्यासमोर 'हे' आणि 'ह्यांना' करत राहते. म्हणून आज दार लावून लिहायला बसले. इथे तरी तुला 'तू' म्हणता येईल.

तुझी माहिती लोकांनी एकमेकांना सांगून झाली आहे. आबिड्सच्या विमा कंपनीतली नोकरी, रविवारी हुसेनसागरावर सरकारी शाळेतल्या मुलांना शिडाच्या होड्या शिकवणं, सगळ्यांशी गोड बोलणं. तू सगळ्यांशी गोड बोलायचास हे ऐकताना मी मान हलवते. त्यांना काय माहीत.

पण एक गोष्ट मला सहन होत नाही. येणारा प्रत्येक जण म्हणतो, "मोटरबोट बंद पडली म्हणे. इंजिनाची दोरी ओढून ओढून छातीवर ताण आला म्हणे." कुणी सुरू केलं हे कोण जाणे. तुझ्या ऑफिसातले आले, ते हेच म्हणाले. खालच्या मजल्यावरच्या काकू हेच म्हणाल्या. मी दर वेळी सांगते, नाही, बोट बंद पडली नव्हती. मग ते माझ्याकडे असे बघतात, की बिचारीला धक्का बसलाय, बोलू दे. दिगू, तुला तरी माहीत आहे ना? स्विच बिघडला नव्हता.

बिघडला होता तो आधीचा. आठवतं ना, मागच्या हिवाळ्यात तुझी मोटरबोट तलावाच्या मध्यावर पोचली की आचके द्यायची आणि बंद पडायची. कधी लगेच सुरू व्हायची, कधी तू दोरी ओढून ओढून दमायचास. तू पेट्रोल बदललंस, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक साफ केलंस, नवा प्लग घातलास. आपला नावाडी यादय्या म्हणाला, पंख्यात जलपर्णी अडकत असेल. तीही काढून झाली. शेवटी एका रविवारी यादय्याने तुला वल्हवत ओढून आणलं. मुलं काठावर उभी राहून हसत होती, आणि तू उतरल्या उतरल्या मला म्हणालास, "पुणेरी मॅडम, तुमच्या पॉलिटेक्निकात एवढी पोरं शिकवता, जरा हिचं दुखणं बघा की."

तू चेष्टेत म्हणालास. मी दुसऱ्या दिवशी खरंच मीटर घेऊन आले.

तेव्हा तुला समजावलं होतं, ते तू अर्धंच ऐकलंस. इंजिनाच्या हँडलवर ते लाल बटण असतं. त्याच्या गळ्यात प्लास्टिकची चिमटी अडकवायची. चिमटीला गुंडाळीची लाल दोरी आणि दोरीचं दुसरं टोक चालवणाऱ्याच्या मनगटाला. माणूस पडला की दोरी ताणली जाते, चिमटी निसटते आणि बटणाच्या आतला स्विच इंजिनाची ठिणगी बंद करतो. नाहीतर माणूस पाण्यात आणि बोट रिकामीच गोल फिरत राहते, फिरता फिरता पंख्यासकट त्याच्याच अंगावर येते. एवढंच काम त्या स्विचचं. चिमटी आत, इंजिन चालू. चिमटी बाहेर, इंजिन बंद.

मी प्लग काढून इंजिनाच्या धातूला टेकवला आणि तुला दोरी ओढायला सांगितली. ठिणगी नाही. मग स्विचकडून येणाऱ्या दोन वायरी इंजिनापासून सोडवल्या आणि म्हटलं, ओढ आता. निळी ठिणगी अशी चटकन उडाली, की तू "अरे वा" म्हणून मागे सरलास. म्हणजे इंजिन ठणठणीत होतं. मीटर लावून पाहिलं, तर चिमटी आत असतानाही स्विच मध्येच जोडला जात होता. बटण जरा हलवलं की मीटर वाजायचं, पुन्हा हलवलं की गप्प. बटण उघडलं तर आत हिरवा कळंक चढलेला आणि स्प्रिंग गंजून मोडायला आलेली. तलावाचं ते पाणी, दुसरं काय होणार.

मला वाटलं, तू मला शाबासकी देशील. तू म्हणालास, "म्हणजे या दोन वायरी अलगच ठेवल्या तर गाडी मस्त चालते?"

तिथून आपलं भांडण सुरू झालं.

"चालते," मी म्हटलं, "पण मग मनगटाची दोरी ओढली तरी बंद होणार नाही."

"चोक ओढून बंद करीन की. त्यात काय."

"तू पाण्यात असलास तर चोक कोण ओढणार?"

"मी कशाला पाण्यात असेन? आजपर्यंत कधी पडलोय का? आमच्या गावात गोदावरीत पोहायला शिकलो मी, तुमच्यासारखा टाकीत नाही."

"तू पडशील म्हणून नाही सांगत. तू पडलास तेव्हा आजूबाजूला पाण्यात मुलं असतील म्हणून सांगतेय."

"नक्को ना आता डोकं खाऊ. मोसम चालू आहे, वारा चांगला आहे, पोरं थांबलीत. नंतर बघू स्विचचं."

मी म्हटलं, "विम्याचा माणूस तू. दिवसभर लोकांना सांगतोस, काही झालं तर काय. स्वतःच्या बाबतीत मात्र काही होणारच नाही." हे तुला लागलं.  त्या रविवारी मी तलावावर आले नाही, तू एकटा गेलास. परत आलास तेव्हा मी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. वायरी तशाच सुट्या ठेवून तू बोट चालवलीस, हे मला यादय्याकडून कळलं. त्या आठवड्यात आपण एकमेकांशी फक्त दूध, किल्ली आणि आपल्या लेकाचा, मिहीरचा फोन एवढंच बोललो.

आणि मग एका संध्याकाळी तू ऑफिसातून आलास, जोडे न काढता दारातच उभा राहिलास आणि म्हणालास, "राणीगंजात स्विच मिळतो म्हणे. येतेस का?"

हरलो, चुकलो, असं तू काही म्हणाला नाहीस. तसं म्हणणं तुझ्या घराण्यातच नव्हतं. मीही "का बदललं मन?" असं विचारलं नाही. आता वाटतं, विचारायला हवं होतं. त्या रविवारी तलावावर काहीतरी घडलं असेल का? एखादं मूल पंख्याच्या जवळ आलं असेल का? की नुसताच माझा अबोला? यादय्यालाही माहीत नाही. तुझ्याबरोबर गेलेल्या गोष्टींत ही एक आहे.

राणीगंजातल्या दुकानदाराने आपल्याला वेड्यात काढलं. "मॅडम, स्विच कायकू? वायर काट के छोड दो, सब ऐसेच चलाते." तू माझ्याकडे न बघता म्हणालास, "नै मियाँ, हमारे घर में नै चलता." मला हसू आवरेना. त्याच्याकडचा स्विच आपण घेतला, पण त्याची चिमटी आपल्या बटणात बसेना, खाच वेगळी. मग तू काकीनाड्याला मासेमारीच्या बोटी दुरुस्त करणाऱ्या कुणाला तरी फोन केलास, मोडक्या तेलुगूत अर्धा तास बोललास आणि पार्सल आलं.

बसवताना तू टॉर्च धरून उभा होतास आणि मी वाकून. जुन्या स्विचची चकती सोडवली, त्याची वायर हँडलच्या नळीतून ओढून काढली, काढता काढता तिच्याच टोकाला नवी बांधून आत घेतली. वायर कुठे घासू नये म्हणून तिला पट्टीने बांधलं. तू सारखा विचारत होतास, "झालं? झालं का?" आधी मीटरवर पाहिलं. चिमटी आत, मीटर गप्प. चिमटी बाहेर, मीटर वाजलं. मग तू बोट पाण्यात घेतलीस, इंजिन सुरू केलंस आणि मी सांगितल्यावर मनगटाची दोरी ओढलीस. धडधड एकदम थांबली. काठावरची मुलं टाळ्या वाजवायला लागली. तू पुन्हा सुरू केलंस, पुन्हा ओढलीस. तिसऱ्यांदाही. एखादं खेळणं मिळाल्यासारखा करत होतास. मी त्या दिवशी किती सुखात होते, हे तुला सांगितलं नाही. मी फक्त म्हटलं, "पुरे आता, प्लग ओला होईल."

तरी भांडण संपलं नव्हतंच. दोरी तू मनगटाला न घालता हँडललाच गुंडाळून ठेवायचास. तशी ठेवली तर तिचा उपयोग शून्य. मी धक्क्यावरून ओरडायचे, "अहो, मनगट!" मग तू नाटकीपणाने हात वर करून दोरी घालायचास आणि मुलं खिदळायची. मुलांनाही ते पाठ झालं. तू बोटीत पाय ठेवलास की तीच ओरडायची, "सर, मनगट!" तेलुगू मुलांना तेवढा एक मराठी शब्द आला. पण मी नसले की तू घालत नव्हतास, अशी माझी खात्री होती. घरी जाताना स्कूटरवर मी तेच विचारायचे आणि तू म्हणायचास, "तुला काय वाटतं?"

त्या शेवटच्या रविवारी मी ओरडले नाही. मिहीरचा बंगळूरहून फोन आला होता, नव्या घराच्या भाड्याबद्दल काहीतरी. मी धक्क्याच्या टोकाला पाठ करून बोलत होते. तू कधी निघालास ते मी पाहिलं नाही.

वारा पडला होता. मुलांच्या होड्या शिडं ढिली सोडून पाण्यावर नुसत्या उभ्या होत्या. तू त्यांना एकामागून एक दोरखंडाला बांधून ओढून आणत होतास, नेहमीसारखा, सावकाश. आवाज येत होता. मग आवाज थांबला.

मी वळून पाहिलं. बोट दिसत होती, तू दिसत नव्हतास. मला वाटलं, इंजिनावर वाकला असशील. आणि दिगू, मला राग आला. तुझा नाही, त्या स्विचचा. मी यादय्याला म्हटलं, "परत स्विच गेला वाटतं." मीटर, पक्कड आणि पेचकस असलेली माझी पिशवी मी उचलली आणि त्याच्या होडीत बसले. तो वल्ही मारत होता आणि मी मनात विचार करत होते, काकीनाड्याच्या माणसाने जुना माल दिला असणार. आता तू मला ऐकवणार. हाच का तुझा नवा स्विच, म्हणणार. मी काय उत्तर द्यायचं, तेही ठरवत होते.

मग मुलांचा आवाज ऐकू आला. ती "सर, सर" म्हणून ओरडत होती. हसत नव्हती.

तू दोन बाकांच्या मधे पडला होतास. एक हात बाकावर राहिला होता. त्या हाताच्या मनगटाला लाल दोरी होती आणि तिच्या टोकाला चिमटी लोंबत होती.

मी पिशवी मांडीवर घेऊन तशीच बसून राहिले.  यादय्याने मला हाताला धरून तुझ्या बोटीत चढवलं. तू डोळे उघडलेस. म्हणालास, "पोरं?" मी म्हटलं, "आहेत. सगळी आहेत." मग तू म्हणालास, "हल्लू." बस, एवढंच. मुलांना ओढून आणताना तू हेच म्हणायचास, हल्लू, हल्लू, सावकाश या. ते त्यांना म्हणालास की मला, की तुला काही दुसरंच दिसत होतं, हे मी रोज स्वतःला विचारते.

यादय्याने होड्यांचा दोरखंड सोडवून स्वतःकडे घेतला आणि मला म्हणाला, "अम्मा, मीरु पोंडी." तुम्ही जा. मी तुझ्या मनगटातली दोरी काढून माझ्या मनगटात घातली, चिमटी बटणाला लावली आणि इंजिनाची दोरी ओढली. पहिल्याच ओढीला ते सुरू झालं. तुझ्यासमोर मी कधी ती बोट चालवली नव्हती. तू म्हणायचास, तू फक्त डॉक्टर हिची, सारथी मी. काठापर्यंत एका हाताने हँडल धरलं होतं आणि दुसरा तुझ्या छातीवर होता. त्या हाताखाली काहीतरी चालू होतं, निदान मला तसं वाटत होतं.

अँब्युलन्समध्ये ते थांबलं. हॉस्पिटलात त्यांनी पुष्कळ प्रयत्न केले. तरुण डॉक्टरीणबाई होती. तिने विचारलं, "त्रास नक्की कधी सुरू झाला?" मी म्हटलं, "इंजिन बंद झालं तेव्हा." तिला वाटलं, मी उलटं सांगतेय. इंजिन बंद पडलं आणि मग त्रास झाला, असं तिने समजून घेतलं. बहुतेक तिथूनच ती अफवा निघाली. मला तेव्हा तिला दुरुस्त करायचं सुचलं नाही. तू पडलास म्हणून इंजिन बंद झालं. इंजिन बंद पडलं म्हणून तू पडला नाहीस. किती साधं आहे, पण कुणाला सांगता येत नाही.

तेरावा झाल्यावर मी तलावावर गेले. मिहीर म्हणाला, "आई, कशाला?" मी सांगितलं, काम आहे. यादय्याने बोट ताडपत्रीखाली झाकून ठेवली होती. मी हँडलमागच्या वायरी सोडवल्या आणि मीटर लावलं. चिमटी आत, गप्प. बाहेर, वाजलं. पुन्हा केलं. बटण हलवून पाहिलं, वायर वाकवून पाहिली, आत पाण्याचा थेंबही नव्हता. खरं सांगू? तो बिघडलेला निघाला असता, तर मला बरं वाटलं असतं. काकीनाड्याला फोन करून कुणाला तरी बोलता आलं असतं. पण त्याने त्याचं काम बरोबर केलं होतं. तू पडलास त्याच क्षणी त्याने पंखा थांबवला होता आणि तुझ्या मागे होड्या होत्या, त्यात ती चिमुरडी मुलं. मी त्या ताडपत्रीवर बसून राहिले. यादय्या जवळ आला आणि उभा राहिला.  मग त्यानेच वायरी पुन्हा जोडल्या.

परवा आपली लावण्या घरी आली होती. त्या दिवशी पहिल्या होडीत, तुझ्या बोटीला सगळ्यांत जवळ होती ती. तिची आई बरोबर होती, दाराशीच संकोचून उभी. म्हणाली, पोरगी जेवत नाही, शाळेत बोलत नाही, कुणी पाण्याचं नाव काढलं की रडते. "आपको कुछ पूछना है बोलती."

लावण्या खाली बघत होती. मग म्हणाली, "आंटी, हमारी बोट लगी थी सर को?"

मला कळेना. मग तिने सांगितलं. तुझी बोट थांबली तेव्हा तिची होडी वेगात पुढे आली आणि तुझ्या बोटीवर आदळली. मोठा आवाज झाला. तिने पाहिलं तर तू पडलेला. इतके दिवस ती पोर मनात धरून बसली होती की तिच्या होडीने तुला पाडलं.

दिगू, मी तिला माझ्याजवळ घेतलं. तिला म्हटलं, नाही ग. सरांच्या छातीत दुखलं, ते आधी पडले. मग इंजिन थांबलं, मग बोट थांबली, मग तुमच्या होड्या पुढे आल्या. आधी हे, मग ते. तिने दोनदा विचारलं, मी दोनदा सांगितलं. पॉलिटेक्निकात मी इतकी वर्षं शिकवते, पण इतकं जपून कधी काही समजावलं नव्हतं.

ती विचार करत होती. म्हणाली, "सर गिरे तो इंजिन कैसा बंद हुआ?"

"दोरी हात में थी ना."

"आप तो चिल्लाए नहीं थे उस दिन."

"नहीं," मी म्हटलं, "मी फोनवर होते."

"सर ने खुद डाली थी," ती म्हणाली. "हमने भी नहीं बोला था. सर रोज खुदच डालते थे, आंटी. आप नहीं आते थे ना, तब भी."

मी तिच्या आईकडे पाहिलं, कारण लावण्याकडे बघवेना. मग उठून आत गेले, पाणी आणायच्या निमित्ताने. स्वयंपाकघरात ओट्याला धरून रडले. तू गेल्यापासून पहिल्यांदा आवाज फुटला. तू मला 'तुला काय वाटतं' म्हणत राहिलास आणि मला वाटायचं, तू टाळतोयस. एकदा 'हो' म्हणायला काय झालं होतं? आता हे भांडण मी कुणाशी करू? आणि तुझे आभार मानायचे, ते तरी कुणाजवळ?

मी बाहेर आले तेव्हा लावण्याने समोरचा लाडू अर्धा खाल्ला होता. तिच्या आईचे डोळे भरले होते. निघताना लावण्याने चपला घातल्या, दाराशी थांबली आणि म्हणाली, "आंटी, संडे को क्लास है?"

मी 'हो' म्हणून गेले. विचार न करता. ती गेल्यावर लक्षात आलं, की मुलांना ओढून आणणारं कुणी नाही. यादय्या वल्ही मारतो, मोटरबोट चालवत नाही. मग मीच.

मिहीर परत बंगळूरला गेला. त्याला हे मराठी नीट वाचता यायचं नाही, फोनवर वाचून दाखवीन कधीतरी. आज शनिवार. मी पेट्रोल आणून ठेवलंय, मुलांसाठी बिस्किटंही. सकाळी लवकर निघावं लागेल, ऊन चढायच्या आत मुलं पाण्यात असायला हवीत, हे तूच सांगायचास. मघाशी चहाचं आधण ठेवलं, तर सवयीने दोन कप पाणी घातलं. ओतून टाकायला हात धजेना. दोन्ही कप मीच प्यायले.

वसुधा